घरून काम करताना ऑफिसचं नेटवर्क लायसन्स कसं चालवायचं: व्हीपीएन, बॉरो, रिमोट डेस्कटॉप आणि नेहमीचे एरर

लॅपटॉप घरी आणला, वायफाय जोडलं, कॅडचा आयकॉन दाबला आणि बराच वेळ गोल फिरून शेवटी "लायसन्स सर्व्हर सापडला नाही" असं आलं की बरेच जण पहिलं काम काय करतात तर सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून परत टाकतात. ते करू नका. अर्धा दिवस जाईल आणि एरर जिथल्या तिथे राहील, कारण लायसन्स लॅपटॉपवर कधी नव्हतंच, ते ऑफिसच्या सर्व्हरवर आहे आणि तुमचा लॅपटॉप तिथपर्यंत पोचत नाहीये. घरून येणाऱ्या लायसन्सच्या तक्रारी बघता बघता माझं मत असं झालंय की यातल्या बहुतेक लायसन्सच्या नसतातच, रस्त्याच्या असतात, म्हणून इथे पण आधी रस्ता आणि मग लायसन्स अशाच क्रमाने जाऊया.

हे सगळं मुख्यतः डिझाइन आणि इंजिनिअरिंगच्या ऑफिसांसाठी आहे, पिंपरी-चिंचवड चाकण पट्ट्यात असतात तशी, वीसेक माणसं आणि पाच-सात सीटचा (म्हणजे एका वेळी तेवढ्याच जणांना चालेल असा) सामायिक पूल, ज्याला लागेल त्याने घ्यायचं आणि काम झालं की सोडायचं. कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिलीयेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

आधी तुमचं लायसन्स कुठल्या प्रकारचं ते बघा

सगळ्यांना व्हीपीएन (घरच्या नेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारा सुरक्षित रस्ता) लागत नाही, हे आधी क्लिअर करून घ्या.

सॉफ्टवेअर उघडताना ईमेल आणि पासवर्ड मागत असेल तर ते नेम्ड यूजर लायसन्स आहे, ते माणसाच्या नावावर असतं, ऑफिसच्या नेटवर्कशी त्याचा संबंध नाही, घरी साइन-इन करा आणि कामाला लागा. ऑटोडेस्कने ऑगस्ट २०२० पासून मल्टी-यूजर सबस्क्रिप्शन बंद करत सगळ्यांना याच पद्धतीकडे वळवलं, एका मल्टी-यूजरच्या बदल्यात दोन नेम्ड यूजर अशी ऑफर होती. त्यामुळे नवीन ऑटोकॅड किंवा रेव्हिट असेल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागणार नाही, पण कायमस्वरूपी विकत घेतलेली जुनी नेटवर्क व्हर्जन अजून कित्येक ऑफिसात चालू आहेत, त्यांना लागेल.

स्टॅड प्रो वापरणाऱ्या स्ट्रक्चरलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. ते बनवणाऱ्या बेंटलीचं पण आता साइन-इनवरच चालतं, पण तिथे सीट संपली म्हणून सॉफ्टवेअर तुम्हाला हमखास अडवेलच असं नाही, जास्तीचा वापर मोजला जातो आणि तिमाहीच्या हिशोबात बिल येतं. घरून पाच जणांनी एकदम उघडून ठेवलं तर त्या दिवशी कोणाला काही कळत नाही, कळतं ते अकाउंट्सवाल्यांना. तर अ‍ॅडमिनला सांगून वापराच्या मर्यादेचा अलर्ट चालू करून घ्या.

यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी लायसन्सची किल्ली) असेल तर दोन शक्यता. साधं डोंगल ज्याच्या मशीनला लावलंय त्याच्यापुरतंच. नेटवर्क डोंगल सर्व्हरला लावलेलं असतं आणि त्यातली सेंटिनेल एचएएसपीवाली १९४७ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर असलेलं दार) बोलतात, व्हीपीएनमधून ते पोर्ट उघडं असेल तर घरून चालू शकतं.

आणि उरलं ते फ्लोटिंग, म्हणजे पूलमधून घ्यायचं नेटवर्क लायसन्स, ज्याच्यासाठी हा लेख आहे. ओळखायची खूण म्हणजे इन्स्टॉल करताना कोणीतरी तुम्हाला "२७००० अ‍ॅट सर्व्हरचं नाव" असलं काहीतरी दिलेलं असतं. आकडा बदलतो, मॅटलॅबला साधारण २७०००, एनएक्सच्या जुन्या लायसन्सला २८०००, अल्टेअरच्या हायपरमेशला ६२००, अ‍ॅन्सिसला १०५५ आणि जोडीला २३२५, सॉलिडवर्क्सला २५७३४ आणि २५७३५, कॅटियाच्या डीएसएलएसला ४०८५. हे सगळे डिफॉल्ट आहेत, तुमच्या अ‍ॅडमिनने बदललेले असू शकतात, त्यामुळे आधी त्यांना विचारा.

आतमध्ये नक्की काय होतं

हा भाग टाळून पुढे जाऊ नका, अर्धे एरर इथेच समजतात. यातली बरीचशी सॉफ्टवेअर फ्लेक्सनेट नावाच्या लायसन्स मॅनेजरवर चालतात (जुनी माणसं अजून फ्लेक्सएलएम म्हणतात). सर्व्हरवर दोन प्रोग्राम चालू असतात, एक एलएमजीआरडी आणि दुसरा त्या त्या कंपनीचा व्हेंडर डीमन (मागे चालत राहून प्रत्यक्ष लायसन्स देणारा प्रोग्राम), म्हणजे ऑटोडेस्कचा एडीएसकेफ्लेक्स, मॅटलॅबचा एमएलएम, अ‍ॅन्सिसचा अ‍ॅन्सिसएलएमडी. एलएमजीआरडी हा सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा, तुम्ही त्याच्याकडे २७००० वर जाता, तो स्वतः काही देत नाही, फक्त सांगतो की तुमचं काम अमुक फ्लॅटमध्ये आहे, आणि मग तुम्हाला त्या फ्लॅटपर्यंत वेगळं जावं लागतं. तो फ्लॅट म्हणजे व्हेंडर डीमन आणि त्याचं पोर्ट वेगळं असतं.

गोची अशी आहे की लायसन्स फाइलमध्ये व्हेंडरच्या ओळीत पोर्ट लिहून ठेवलेलं नसेल तर डीमन दर वेळी सुरू होताना जे रिकामं मिळेल ते पोर्ट घेतो. ऑफिसात बसून काही फरक पडत नाही कारण लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) मध्ये सहसा फायरवॉल (पोर्ट अडवणारी भिंत) नसते. घरून मात्र व्हीपीएनच्या फायरवॉलमध्ये २७००० उघडं असतं, डीमनचं काल जे पोर्ट होतं ते उघडं असतं, आणि रात्री लाइट जाऊन सर्व्हर रीस्टार्ट झाला की पोर्ट बदलतं. मग सकाळी ऑफिसातल्या सगळ्यांचं चालू आणि फक्त घरच्यांचं बंद. हे लक्षण दिसलं तर तुमच्या लॅपटॉपला हात लावायची गरज नाही, अ‍ॅडमिनला सांगा की व्हेंडर ओळीत पोर्ट फिक्स करा (ऑटोडेस्कसाठी साधारण २०८० वापरतात) आणि ते फायरवॉलमध्ये उघडा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, वॉचमन पत्ता सांगताना लायसन्स फाइलमध्ये सर्व्हरचं जे नाव आहे तेच सांगतो. म्हणजे तुम्ही हुशारी करून सेटिंगमध्ये सर्व्हरचा आयपी टाकलात तरी पुढच्या पायरीला तुमच्या लॅपटॉपला ते नाव ओळखता आलंच पाहिजे. आयपी टाकूनसुद्धा चालत नाही ही तक्रार येते त्याचं कारण बरेचदा हे.

रस्ता तपासायचा, एकेक पायरी

सगळ्यात आधी व्हीपीएन जोडा आणि जोडल्यावर मगच सॉफ्टवेअर उघडा, उलटं नको, कारण सॉफ्टवेअर सुरू होतानाच लायसन्स शोधतं आणि एकदा नाही मिळालं की काही सॉफ्टवेअर ट्रायल नाहीतर व्ह्यूअर मोडमध्ये जाऊन बसतात.

मग नाव तपासा. कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलुकअप, स्पेस, सर्व्हरचं नाव असं टाका. ऑफिसचा आयपी आला तर छान. नाही आला तर पूर्ण नाव टाकून बघा, म्हणजे नुसतं "लायसर्व्हर" नाही तर त्यापुढे डॉट लावून ऑफिसच्या डोमेनचं नाव. पूर्ण नावाने येतंय आणि छोट्या नावाने येत नाहीये, तर व्हीपीएन तुमच्या लॅपटॉपला डीएनएस सफिक्स (छोट्या नावापुढे जोडायचं डोमेन) देत नाहीये, ते आयटीने व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये घालायचं असतं. तोपर्यंत तात्पुरता उपाय म्हणजे होस्ट्स फाइल, विंडोज फोल्डरच्या आत सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथे असते, नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं आणि शेवटी एक ओळ टाकायची, आधी आयपी, स्पेस, मग नाव. ऑफिसने पुढे सर्व्हर बदलला की ही ओळ काढायला विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही जुन्या आयपीवर डोकं आपटत बसाल.

मग दार तपासा. पिंग करून निष्कर्ष काढू नका, बऱ्याच सर्व्हरवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन, सर्व्हरचं नाव, मग डॅश पोर्ट आणि २७००० असं टाका. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर दार उघडं आहे. हेच व्हेंडर डीमनच्या पोर्टसाठी परत करा. पहिलं ट्रू आणि दुसरं फॉल्स आलं तर वर सांगितलेला फ्लॅटचा प्रॉब्लेम. दोन्ही फॉल्स आले तर व्हीपीएन जोडलंय असं दिसत असलं तरी त्यातून लायसन्स सर्व्हरपर्यंत जाता येत नाहीये.

आणि आता ती गंमत जी फार कमी लोकांना पटकन सुचते. घरच्या राउटरची आयपी रेंज आणि ऑफिसची रेंज एकच असणं. भरपूर छोट्या ऑफिसांचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होतं कारण राउटर बॉक्समधून काढला आणि तसाच लावला, आणि घरी पण कितीतरी ब्रॉडबँडवाल्यांचा राउटर १९२.१६८.१.१ वरच असतो. मग लायसन्स सर्व्हर १९२.१६८.१.१० वर असेल तर तुमचा लॅपटॉप म्हणतो की हा तर घरातलाच पत्ता दिसतोय, आणि व्हीपीएनकडे पाठवायच्या ऐवजी घरातच शोधत बसतो, तिथे कदाचित तुमचा टीव्ही असेल. जिओफायबरचा राउटर साधारण १९२.१६८.२९ वर असतो त्यामुळे त्यांना हा त्रास सहसा होत नाही, आणि म्हणूनच "शेजाऱ्याच्या नेटवर चालतं, माझ्या नेटवर नाही" असली कोडी पडतात. तपासायचं सोपं: मोबाइलचा हॉटस्पॉट लावून व्हीपीएन जोडा, त्यावर चाललं तर गुन्हेगार घरचा राउटर. उपाय म्हणजे राउटरच्या पेजवर जाऊन लॅन आयपी बदलायचा, १९२.१६८.७७.१ असं काहीतरी, सेव्ह, रीस्टार्ट, घरातली सगळी डिव्हाइसेस परत जोडली जातील. सीसीटीव्ही किंवा प्रिंटरला फिक्स आयपी दिलेला असेल तर तो पण बदलावा लागेल, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आता सगळं उघडं आहे पण तरी कधी चालतं कधी नाही असं होत असेल तर वेळेचा प्रश्न असतो. फ्लेक्सनेट सर्व्हरकडून उत्तराची वाट फार थोडा वेळ बघतं, सेकंदाचा दहावा हिस्सा, लॅनवर ते पुरतं, घरून व्हीपीएनवर कधीकधी कमी पडतं. त्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमधलं एक सेटिंग, कसं करायचं ते पुढच्या भागात) बनवा, नाव फ्लेक्सएलएम अंडरस्कोर टाइमआउट, व्हॅल्यू १०००००० म्हणजे दहा लाख, हे मायक्रोसेकंदात असतं म्हणजे एक सेकंद. नेट फारच स्लो असेल तर पाच सेकंद करा.

लॅपटॉपला सर्व्हरचा पत्ता कसा सांगायचा

विंडोजमध्ये स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट असं टाइप केलं की सिस्टमचे व्हेरिएबल एडिट करायचा पर्याय येतो. नवीन व्हेरिएबल बनवायचा, नाव त्या कंपनीच्या डीमनवरून, एडीएसकेफ्लेक्स अंडरस्कोर लायसन्स अंडरस्कोर फाइल किंवा अ‍ॅन्सिसएलएमडी अंडरस्कोर लायसन्स अंडरस्कोर फाइल, व्हॅल्यूमध्ये पोर्ट, अ‍ॅटचं चिन्ह, सर्व्हरचं नाव. एलएम अंडरस्कोर लायसन्स अंडरस्कोर फाइल नावाचा एक सामायिक व्हेरिएबल पण आहे, तो सगळी फ्लेक्सनेट सॉफ्टवेअर वाचतात, म्हणूनच माझ्या मते तो शक्यतो वापरू नये, एकाच लॅपटॉपवर चार कंपन्यांची सॉफ्टवेअर असली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन चौकशी करतो आणि उघडायला विनाकारण वेळ लागतो. एकापेक्षा जास्त सर्व्हर द्यायचे तर विंडोजमध्ये मध्ये अर्धविराम, लिनक्समध्ये दोन टिंबांचं चिन्ह.

बदल केल्यावर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत उघडा. आणि उघडायला खूप वेळ लागत असेल तर रजिस्ट्रीत फ्लेक्सएलएम लायसन्स मॅनेजर नावाची की बघा, एकदा चाललेले जुने सर्व्हरचे पत्ते तिथे साठून राहतात आणि बंद पडलेल्या सर्व्हरलाही दर वेळी विचारलं जातं. रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर आयटीला करू द्या.

एररचे आकडे वाचायला शिका

एरर बॉक्समध्ये लांबलचक मजकूर असतो, त्यातला उणे चिन्हाचा आकडा तेवढा बघायचा.

उणे १५ म्हणजे सर्व्हरशी कनेक्शनच झालं नाही, रस्ता. त्याच्या जोडीला अजून एक पाच आकडी नंबर असतो, १००६० असेल तर वेळ संपला, म्हणजे बहुतेक फायरवॉलने गिळलं किंवा व्हीपीएन नाही, १००६१ असेल तर मशीनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये, म्हणजे लायसन्सची सर्व्हिस बंद किंवा पोर्ट चुकीचं. उणे ९६ म्हणजे सर्व्हर मशीन बंद आहे किंवा नावच ओळखलं जात नाहीये, घरून असेल तर आधी नाव तपासा. उणे ९७ म्हणजे वॉचमन आहे पण फ्लॅट बंद, व्हेंडर डीमन चालू नाही किंवा त्याचं पोर्ट अडलंय.

उणे ४ आला तर अभिनंदन, तुमचा रस्ता एकदम ओके आहे, फक्त सगळ्या सीट भरल्यात. उणे ५ म्हणजे तुम्ही मागताय ते मॉड्यूल या सर्व्हरवर नाहीच, बरेचदा घरच्या लॅपटॉपवर नवीन व्हर्जन टाकलेलं असतं आणि सर्व्हरवरची फाइल जुनी. उणे ३८ किंवा ३९ म्हणजे ऑप्शन्स फाइलमध्ये (कोणाला सीट द्यायची ते ठरवणारी सर्व्हरवरची फाइल) अ‍ॅडमिनने ठरवलेल्या यादीमुळे तुम्हाला अडवलंय. घरून हे येतं त्याला दोन कारणं असतात, एक तर यादी ऑफिसच्या आयपीवर बांधलेली असते आणि व्हीपीएनवाल्यांना वेगळी रेंज मिळते, किंवा यादी विंडोज लॉगिनच्या नावावर असते आणि घरच्या लॅपटॉपवर तुमचं लॉगिन "एचपी" किंवा "ओनर" असलं काहीतरी असतं. उणे ८८ म्हणजे लॅपटॉपचं घड्याळ मागे केलेलं आढळलं, ट्रायल वाढवायला कोणीतरी केलेले उद्योग असतात.

सीट कोणाकडे आहेत ते बघायला एलएमयुटिल नावाची छोटी फाइल मिळते, सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्येच बरेचदा असते. एलएमयुटिल, एलएमस्टॅट, डॅश ए, डॅश सी आणि पुढे पोर्ट अ‍ॅट सर्व्हर, एवढी कमांड टाकली की प्रत्येक मॉड्यूलच्या किती सीट आहेत, किती चालू आहेत आणि कोणत्या यूजरने किती वाजल्यापासून धरून ठेवलीय हे सगळं नावानिशी येतं. ही लिस्ट ग्रुपवर टाकून कोणाला लाजवू नका, सरळ फोन करा.

बॉरो, म्हणजे लायसन्स घरी नेणं

व्हीपीएन रोज लावायचा कंटाळा असेल, नेटचा भरवसा नसेल, गावी जायचं असेल, साइटवर जायचं असेल तर बॉरो हा बेस्ट पर्याय, जर तुमच्या लायसन्समध्ये आणि अ‍ॅडमिनने तो चालू ठेवलेला असेल तर. पुण्यात गुरुवारी महावितरणच्या मेंटेनन्ससाठी लाइट जाते, त्यात ऑफिसचा यूपीएस संपून सर्व्हर बंद पडला तरी बॉरो केलेल्याचं काम थांबत नाही.

करायचं असं. ऑफिसात असताना किंवा व्हीपीएन जोडून सॉफ्टवेअर उघडा, जी मॉड्यूल लागणार आहेत ती सगळी लक्षात घ्या, नुसतं मूळ सॉफ्टवेअर बॉरो केलं आणि सिम्युलेशनचं मॉड्यूल राहिलं तर घरी अर्धंच काम होईल. सॉलिडवर्क्समध्ये क्लायंटवरच्या सॉलिडनेटवर्क लायसन्स मॅनेजरमध्ये बॉरोचा टॅब असतो, तिथे प्रॉडक्ट निवडून परत करायची तारीख द्यायची, जास्तीत जास्त मुदत साधारण ३० दिवस. मॅटलॅबमध्ये हेल्प मेनूच्या लायसन्सिंगमध्ये सापडतं. एटॅब्स, सॅपवाल्यांच्या जुन्या नेटवर्क लायसन्समध्ये यालाच कम्युटर लायसन्स म्हणतात. बाकी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मेनू नसला तर एलएमयुटिलमधून एलएमबॉरो कमांडने होतं, त्यात डीमनचं नाव आणि तारीख द्यायची, आणि त्यानंतर लगेच सॉफ्टवेअर उघडायचं, कारण सीट प्रत्यक्षात उघडल्यावरच बॉरो होते. डॅश स्टेटस लावलं की काय काय तुमच्याकडे आहे ते दिसतं.

मग वायफाय बंद करून, व्हीपीएन सोडून, एकदा सॉफ्टवेअर उघडून बघा. ऑफिसातून निघायच्या आधी बघा, कोल्हापूरला पोचल्यावर नको.

तारीख कमी द्या. लोक पाच दिवसांसाठी न्यायचं असलं तरी सेफ म्हणून महिना टाकतात, आणि तेवढा महिना पूलमधली एक सीट गेली, कारण तुम्ही लॅपटॉप बंद करून झोपलात तरी सर्व्हरच्या हिशोबात ती तुमच्याकडेच असते. पाच सीटच्या पूलमधून दोन जणांनी असं केलं की ऑफिसात उरलेल्या तीन सीटवर मारामारी. लवकर काम झालं तर व्हीपीएन जोडून रिटर्न करता येतं, पण ही सोय सगळ्या लायसन्समध्ये नसते, काहींमध्ये तारीख संपेपर्यंत ती अडकूनच राहते. बॉरो असताना लॅपटॉप फॉरमॅट करू नका, हार्डडिस्क बदलू नका, सर्व्हिस सेंटरला देऊ नका, घड्याळ बदलू नका. लॅपटॉप गेला तर सीट पण मुदत संपेपर्यंत गेली, आणि अ‍ॅडमिनसुद्धा ती सहज काढून घेऊ शकत नाही.

अ‍ॅडमिन लोकांसाठी दोन ओळी: ऑप्शन्स फाइलमध्ये बॉरो-लोवॉटर घालून ठेवा म्हणजे ठरावीक सीट ऑफिससाठी कायम राहतील, आणि मॅक्स-बॉरो-अवर्स घालून मुदतीला लगाम लावा. टाइमआउट पण घाला, म्हणजे कोणी उघडं ठेवून जेवायला गेलं तर सीट परत पूलमध्ये येईल, कमीत कमी साधारण ९०० सेकंद ठेवता येतो, मात्र ते त्या सॉफ्टवेअरने सपोर्ट केलं पाहिजे.

रिमोट डेस्कटॉप

ज्यांच्याकडे घरी साधा लॅपटॉप आहे आणि ऑफिसात वर्कस्टेशन पडून आहे त्यांनी लायसन्स घरी आणायच्या भानगडीत पडूच नये. सॉफ्टवेअर ऑफिसच्या मशीनवर चालतं, लायसन्स लॅनमध्येच राहतं, घरी फक्त चित्र येतं. व्हीपीएन जोडायचं, रिमोट डेस्कटॉप उघडायचं, मशीनचं नाव टाकायचं, झालं. मोठा फायदा म्हणजे फाइल. लायसन्सचा डेटा व्हीपीएनवरून जाताना अगदी किरकोळ असतो, पण लोक व्हीपीएनवरून शेअर ड्राइव्हवरची ४०० एमबीची असेंब्ली थेट उघडतात आणि मग "लायसन्समुळे स्लो चालतंय" म्हणतात. ते फाइलमुळे स्लो आहे. रिमोट वापरत नसाल तर फाइल आधी लोकल कॉपी करा किंवा ऑफिसच्या पीडीएम, व्हॉल्टमधून (डिझाइनच्या फाइल सांभाळणारी सॉफ्टवेअर) चेकआउट करून काम करा.

ऑफिसच्या मशीनवर विंडोज प्रो लागतं, होम एडिशनवर बाहेरून रिमोट घेता येत नाही. स्लीप मोड बंद करा. बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते ऑन करा, नाहीतर कोणाला तरी बटण दाबायला ऑफिसात पाठवावं लागतं. काही सॉफ्टवेअर रिमोट सेशन ओळखून नकार देतात, फ्लेक्सनेटमध्ये उणे १०३ आला तर ते हेच, तेव्हा लायसन्स देणाऱ्याशी बोलावं लागतं, जुगाड करू नका. आणि ३३८९ पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडं करणं, किंवा व्हीपीएन नको म्हणून २७००० बाहेर उघडं करणं, या दोन्ही गोष्टी कोणी कितीही सोप्या म्हणून सांगितल्या तरी नाही म्हणजे नाही. रॅन्समवेअरवाले रिमोट डेस्कटॉपची उघडी दारंच शोधत फिरत असतात.

टॅली आणि विंडोज, थोडक्यात

अकाउंट्सवाल्यांची टॅली गोल्ड एकाच लॅनवर कितीही जणांना चालते, सिल्व्हर एकालाच. घरून वापरायला टॅलीच्या रिमोट यूजरची सोय आहे, पण त्यासाठी टीएसएस (टॅलीचं सबस्क्रिप्शन) चालू असावं लागतं, आणि ऑफिसच्या मशीनवर कंपनी उघडी असावी लागते. जड काम असेल तर तिथेही रिमोट डेस्कटॉपच बरा पडतो.

ऑफिसचा लॅपटॉप महिनोन्महिने घरीच असेल तर एक दिवस विंडोज किंवा एमएस ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणायला लागतं. मोठ्या ऑफिसात हे केएमएस (ऑफिसातल्या ऑफिसात अॅक्टिव्हेट करणाऱ्या) सर्व्हरवरून होतं, त्याची मुदत १८० दिवसांची असते आणि लॅपटॉप दर ७ दिवसांनी १६८८ पोर्टवर ती वाढवून घ्यायचा प्रयत्न करत असतो, तुम्ही व्हीपीएनवर नसाल तर ते होत नाही. व्हीपीएन जोडा, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, एटीओ. विंडोज परत १८० दिवस गप्प.

नियम आणि सीट सोडणं

घरून वापरायला परवानगी आहे की नाही हे लायसन्सच्या करारात लिहिलेलं असतं. काही करार देशापुरते असतात, काही ठरावीक शहर किंवा ऑफिसच्या जागेपुरते, काहींना बाहेरून वापरायला वेगळं महाग लायसन्स लागतं. मस्कतला किंवा दुबईला भावाकडे जाऊन तिथून काम करणार असाल तर आधी ऑफिसला लेखी विचारा. घरच्या पर्सनल कॉम्प्युटरवर टाकायचं असेल तरी विचारा.

"सीट मिळत नाही म्हणून तेवढ्यापुरतं क्रॅक टाकलं" हे तर अजिबात नको. ही सॉफ्टवेअर बरेचदा स्वतःच कंपनीला माहिती पाठवतात, आणि प्रोजेक्ट ऑफिसचं असल्यामुळे नोटीस ऑफिसला येते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब मध्ये पायरेटेड प्रोग्राम जाणूनबुजून वापरल्याबद्दल ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे.

संध्याकाळी नुसतं लॅपटॉपचं झाकण लावू नका. आधी सॉफ्टवेअर बंद, मग व्हीपीएन बंद, मग झाकण. झाकण लावलं की व्हीपीएन तुटतं, सर्व्हरला कळत नाही की तुम्ही गेलात, आणि ती सीट कधीकधी दोन-दोन तास हवेत लटकत राहते. अ‍ॅडमिन एलएमरिमूव्ह कमांडने ती सोडवू शकतो पण रात्री नऊला त्याला फोन करायला कोणाला आवडतं. मध्येच व्हीपीएन तुटलं आणि सॉफ्टवेअरने लायसन्स गेल्याचं सांगितलं तर घाबरून बंद करू नका, आधी व्हीपीएन परत जोडा, बरीच सॉफ्टवेअर थोडा वेळ परत जोडायचा प्रयत्न करतात किंवा निदान सेव्ह करायची संधी देतात.

एवढं करून पण चाललं नाही तर आयटीला मेल टाका, त्यात एररच्या बॉक्सचा पूर्ण स्क्रीनशॉट, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, व्हीपीएन जोडल्यावर मिळालेला आयपी, घरच्या राउटरचा आयपी, एनएसलुकअप आणि दोन्ही पोर्टच्या टेस्टचं उत्तर, मोबाइल हॉटस्पॉटवर काय झालं ते, आणि शेवटचं नीट कधी चाललं होतं ती तारीख. एवढं पहिल्याच मेलमध्ये असलं की समोरचा तुम्हाला "रीस्टार्ट करून बघा" म्हणणार नाही, थेट सर्व्हरची लॉग फाइल उघडेल.